सोळाच्या एक्याऐंशी

पावसानं यंदा काढता पाय घ्यायचं नाव घेतलं नव्हतं. मेंढवाड्यात घोटाभर चिखल आणि त्या चिखलात बहात्तर मेंढ्या खुरं सडवत उभ्या. धाकटीनं एकीला उताणी पाडून दोन्ही मांड्यांत आवळून धरली होती आणि तिचा नवरा वाकड्या सुरीनं खूर तासत होता. फटीतून आधी पिवळं पाणी आलं, मग वळवळणारे किडे. वास असा की आदल्या दिवशीचं जेवण वर यावं. वरून मोरचुदाचं निळं पाणी ओतलं तशी मेंढीनं लाथ झाडली, ती नेमकी धाकटीच्या पोटरीवर.

"धर की नीट!" नवरा म्हणाला.

"धरलीच आहे. सुरी तुमची बोथट, आणि बोल माझ्या हाताला."

नवरा हसला. हा माणूस बायकोच्या बोलण्याला कधी रागवायचा नाही. घरात तो सगळ्यांत लहान, जन्मभर कुणीतरी सांगायचं आणि यानं ऐकायचं. आधी बापाचं ऐकलं, मग थोरल्या भावाचं, आता बायकोचं. म्हणून साऱ्या वस्तीत त्याला धाकटा म्हणत आणि त्याच्या मागून आलेली ती धाकटी.

कुंपणाशी कोणीतरी खाकरलं. थोरला होता. काठीवर हनुवटी टेकवून तो कळपाकडे बघत होता. मेंढरांतली माणसं बोट दाखवून मोजत नाहीत, नुसती नजर फिरवतात. त्याची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"किती मेल्या तुझ्या?"

"सहा, दादा."

"माझ्या निम्म्या गेल्या." जणू धाकट्यानंच जाऊन मारल्या असाव्यात, असा त्याचा सूर होता. "चार वर्षं भरली ना रे तुला वेगळं होऊन?"

"भरली की."

"मग माझ्या एक्याऐंशी झाल्या. परवा जाणत्यांना बसवतो."

एवढं बोलून तो वळला आणि चिखलातून धोतर सावरत निघूनही गेला. धाकट्याच्या हातातली सुरी तशीच राहिली. मांड्यांत धरलेली मेंढी संधी साधून निसटली.

या लोकांत भाऊ वेगळा निघाला की थोरल्यानं त्याला मेंढ्या द्यायच्या आणि चार वर्षांनी वाढीसकट परत घ्यायच्या, अशी रीत. धाकट्याला सोळा मिळाल्या होत्या. भावाभावांत वाढ दर साल सवाईनं, म्हणजे चाराला पाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देताना तोंडानं दर बोलायचा नाही. बोललं तर कळपाला दृष्ट लागते म्हणे. परत घेताना देणारा फक्त शेवटचा आकडा सांगतो. तो जास्त वाटला, तर घेणाऱ्यानं जाणत्यांपुढं उभं राहून त्या आकड्यात दर काय लपलाय तो सांगायचा. एकदाच. बरोबर सांगितला तर जाणते तो सवाईवर आणून बसवतात. चुकला तर तोंड बंद, मागितल्या तेवढ्या मुकाट्यानं द्यायच्या. ज्याला दर कळत नाही त्यानं दुसऱ्याला लबाड म्हणू नये, असा जुन्या माणसांचा विचार. विचार वाईट नव्हता. पण वाईट माणसाच्या हाती पडला तर चांगल्या विचाराचंही मातेरं होतं, त्याला कोण काय करणार?

"एक्याऐंशी!" धाकटा चिखलातच खाली बसला. "अगं, आपल्याकडं आहेतच बहात्तर. सगळ्या दिल्या तरी पुरायच्या नाहीत."

"उठा आधी. धोतर भिजतंय." धाकटीनं हात पदराला पुसले. "तुमचा भाऊ गिळायला बसलाय, आणि तुम्ही रडायला बसा. मी आहे ना?"

हे ती उगाच म्हणाली नव्हती. वस्तीत तिला हिशेबी म्हणत. लोकर विकताना व्यापारी बोटं मोजत बसायचा तोवर हिचा आकडा तयार. शेजारणी आपले वाटे-हिस्से तिच्याकडून करून न्यायच्या आणि जाताना म्हणायच्या, बाई, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे. ऐकून ऐकून धाकटीलाही ते पटलं होतं. माणसाला आपलं कौतुक पटायला वेळ लागत नाही.

दुसरी मेंढी ओढून पाडता पाडताच तिनं हिशेब केला. एक्याऐंशीतून सोळा गेले, राहिले पासष्ट. पासष्ट ही चार वर्षांची वाढ. चाराने भागले, दर साल सोळा, आणि वर एक उरली, ती त्यानं हावरटपणानं टाकली असेल. सोळावर दर साल सोळा!

"एकास एक!" ती ओरडलीच. "अहो, सख्ख्या भावाला एकास एक लावला मेल्यानं! परक्याला तरी कोणी लावतं का?"

"एकास एक?" धाकट्यानं खूर तासायचं थांबवलं. "एवढा कसा लावील गं दादा? परत एकदा बघ."

"परत काय बघायचं? चार चोक सोळा तुम्हाला येत नाही, आणि मला परत बघ म्हणता?"

"तसं नाही. बोलायचं एकदाच आहे, म्हणून म्हटलं."

"एकदाच बोला आणि असं बोला की त्याचं तोंड काळं झालं पाहिजे. आपल्याला सवाई बसली तर चाळीस मेंढ्या तरी हाती राहतील. समजतंय का? राहतील! नाहीतर उद्यापासून काठी घेऊन त्याच्या दारात राखणीला उभे राहा."

चाळीस मेंढ्या म्हणजे घर उभं राहिलं. शून्य मेंढ्या म्हणजे भावाच्या दारातला गडी. धाकट्याला एवढं समजत होतं. त्यानं पुढची मेंढी तासायला घेतली. दोन दिवस ती त्याच्याकडून घोकून घेत होती. मोरचूद कालवताना, चारा तोडताना, जेवताना. "काय म्हणाल?" "एकास एक." "मोठ्यानं म्हणा." "एकास एक." जत्रेतल्या पोपटालाही कोणी इतकं शिकवलं नसेल.

जाणते बसले ते थोरल्याच्याच ओसरीवर. पाऊस भुरभुरत होता. तीन म्हातारे, त्यांत मुख्य खोकलेबुवा, ज्यांना दर वाक्यागणिक खोकल्याची उबळ यायची. थोरलीनं सगळ्यांना गरम दूध दिलं. धाकट्याला दिलं नाही. बायका दाराच्या आत उभ्या होत्या. धाकटी सगळ्यांत पुढं, उंबऱ्याला पाय लावून.

"दिल्या किती?" खोकलेबुवांनी विचारलं.

"सोळा," थोरला म्हणाला.

"मागतोस किती?"

"एक्याऐंशी."

"धाकट्या, तुला कबूल?"

धाकट्यानं एकदा दाराकडे पाहिलं. धाकटीनं मान हलवली.

"कबूल नाही. दादानं दर जास्त लावलाय."

ओसरीवर कुजबुज झाली. खोकलेबुवा खोकून झाल्यावर म्हणाले, "रीत ठाऊक आहे ना, बाळा? अजून गप्प बसलास तरी चालेल. भाऊ आहे, हातापाया पडलास तर दहा-वीस सोडीलही. एकदा दर बोललास की मात्र मागं फिरता येत नाही."

धाकटा उठून उभा राहिला. "बोलतो."

"बोल मग."

"एकास एक."

मग थोरला हसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्याला ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी. थोरलीही आत तोंडाला पदर लावून हसू लागली.

"एकास एक?" थोरला डोळे पुसत म्हणाला. "अरे, मग तसंच दे की! मी तेवढ्यावर राजी आहे. बुवा, मोजा हो याच्या दरानं."

खोकलेबुवांना ते आवडलं नव्हतं, ते तोंडावरून दिसत होतं. पण त्यांनी मोजलं. "सोळा. एकास एक, म्हणजे पहिल्या साली बत्तीस. दुसऱ्या साली बत्तीस मेंढ्या वितात रे बाळा, सोळा नाही. चौसष्ट. तिसऱ्या साली एकशे अठ्ठावीस. चौथ्या साली..." ते खोकले, बराच वेळ खोकले. "दोनशे छप्पन्न."

ओसरीवरचं सगळं माणूस हसलं. पावसानं आडोशाला थांबलेला कल्हईवाला, ज्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तोही हसला.

दाराआड धाकटीचे कान तापले. बत्तीस मेंढ्या वितात, सोळा नाही! दर साल वाड्यात उभं राहून तिनं स्वतःच्या हातानं कोकरं ओढून काढली होती. पहिल्या सालची कोकरं दुसऱ्या साली व्यालेली तिनं पाहिली होती. तरी हिशेब करताना तिनं त्या पोरीबाळींना वांझ ठरवून टाकलं होतं.

"मग खरा दर काय आहे?" धाकट्यानं विचारलं.

"आता कशाला हवाय?" थोरला म्हणाला. "तुझं तोंड बंद झालं. चल, वाडा उघड."

वाडा धाकट्यानंच उघडायचा, तीही रीतच. थोरला, थोरली आणि त्यांचे दोन गडी आले. थोरली एकेक मेंढी दाराशी अडवून तिची कास दाबून बघायची, दात उघडून बघायची. लंगड्या मेंढीच्या खुराला हात लावून तिनं तोंड वाकडं केलं. "काय गं धाकटे, राखल्यास की छळल्यास? जरा जिवाची काळजी घेतली असतीस."

चार वर्षं पहाटे उठून, शेणामुतात हात घालून वाढवलेला कळप तो. धाकटीला नवऱ्याकडे बघायची हिंमत होईना. लंगड्या, म्हाताऱ्या, गाभण, सगळ्या गेल्या. बहात्तर. मागे तीन मेंढे आणि चिखल राहिला.

"नऊ राहिल्या," थोरला म्हणाला. "माणुसकी म्हणून आज मागत नाही. त्याच दरानं पुढं चालू राहतील. आणि हे बघ, घरी बसून तरी काय करणार? उद्यापासून माझ्याकडे राखणीला ये. दोन वेळचं जेवण सुटेल."

"येतो, दादा," धाकटा म्हणाला.

कळप गेला. धाकटा छपराखाली पाय पसरून बसला. बायकोला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, दोन थपडा मारल्या असत्या तरी ती रडून मोकळी झाली असती. तो एवढंच म्हणाला, "मी म्हटलं होतं, परत एकदा बघ." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्याच दरानं. म्हणजे कोणत्या? नवाच्या पुढल्या साली किती होणार, तेही ठाऊक नाही! माणसाच्या गळ्यात दोर असावा आणि त्याची लांबी त्याला कोणी सांगू नये, तसं झालं. धाकटी उठून मेंढवाड्यात गेली. छपराच्या कोपऱ्यात कोरडी जागा होती, तिथं लेंड्यांचा ढीग. तिनं फतकल मारली आणि सोळा लेंड्या मोजून पुढं मांडल्या.

आधी सवाई. चार-चारांचे गठ्ठे केले, दर गठ्ठ्यामागं एक वाढवली. वीस. परत गठ्ठे, परत वाढ. पंचवीस. मग एकतीस आणि वर पाव. पाव लेंडी नखानं तोडून ठेवली. चौथ्यांदा एकोणचाळीस. एकोणचाळीस! म्हणजे एवढंच देणं होतं. बहात्तरांतून एकोणचाळीस जाऊन तेहतीस दारात राहिल्या असत्या. ती त्या एकोणचाळीस लेंड्यांकडे बघतच राहिली. मग हाताच्या फटकाऱ्यानं उधळून लावल्या आणि परत सोळा मांडल्या.

आता चाराला सात. अठ्ठावीस. एकोणपन्नास. तिसऱ्याच साली पंच्याऐंशीच्या पुढं गेलं. जास्त झालं. परत सोळा. दोनाला तीन. सोळाच्या चोवीस, चोविसाच्या छत्तीस, छत्तिसाच्या चोपन्न. चोपन्नाची निम्मी सत्तावीस. चोपन्न आणि सत्तावीस.

एक्याऐंशी. ना एक कमी, ना एक जास्त.

दिढी होती. परक्यालाही जड जाईल अशी. मेंढी सालाला एकदा विते, दोन कोकरांत एक नर, एक मादी. म्हणजे एकही जीव न दगावता कळप जितका वाढू शकतो तितका अख्खा थोरल्यानं आपल्या नावानं मोजला होता. खुरं सडली, कोल्ह्यानं नेली, थंडीनं आखडली, ती सगळी यांच्या वाट्याची. राबणं यांचं, मरणं यांचं, वाढ त्याची. "दिढी" हा एक शब्द नवऱ्याच्या तोंडून गेला असता तर! नुसता एक शब्द!

ती छपराखाली धावत आली. "अहो, दिढी होती! मी काढला दर. दिढी!"

धाकट्यानं मान वळवली. "कशावर काढलास?"

"लेंड्या मांडून."

"वा!" तो उठून बसला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडावर असं हसू तिनं पाहिलं नव्हतं. "वरातीमागून घोडं, आणि तेही लेंड्यांचं. आता पुढचं सांग की, हिशेबीणबाई. नवाच्या पुढल्या साली किती?"

"साडेतेरा."

"त्याच्या पुढं?"

"वीस. वीसच्या वर."

"आणि माझ्याकडं मेंढ्या किती?"

तिनं रिकाम्या वाड्याकडे पाहिलं.

"मग मी त्याच्या दारात कधीपर्यंत? तेही सांग. तुझं डोकं म्हणजे डोकं आहे." तो परत भिंतीकडे वळला. धाकटी तिथंच उभी राहून रडली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. नवऱ्यानं ऐकलं असणारच. वळून पाहिलं नाही.

नऊ मेंढ्या पाहिजेत आणि त्या आत्ता पाहिजेत. सालभर थांबलं की साडेतेरा, आणि मग कोणाच्या बापाच्यानं फिटायचं नाही.

तिची धाकटी बहीण, बारकी, टेकडीच्या पलीकडे दिलेली. बारकीचा नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच, घरात ती आणि म्हातारी सासू. दोन वर्षांमागं धाकटीनंच तिला चार मेंढ्या दिल्या होत्या. दर अर्थातच बोलली नव्हती. बहिणीबहिणींत कोण बोलतं?

सकाळी नवरा काठी घेऊन भावाकडे राखणीला निघाला आणि ही टेकडीवर. बारकी अंगणात मेंढ्यांना पाला घालत होती. सगळ्या स्वच्छ, खुरं कोरडी. पावसात तिनं त्यांना घरात घेतलं होतं आणि स्वतः ओट्यावर झोपली होती. बारकीला चार दिवसांपासून ताप होता, डोळे लाल झाले होते. तरी बहिणीला पाहून ती खुलली.

"ताई! ये, ये. मला कळलं गं सगळं. थोरल्यानं गळाच कापला म्हणे. बस, दूध तापवते."

"दूध नको. किती झाल्या तुझ्या?"

"नऊ!" बारकीचा चेहरा फुलला. "एकही मेली नाही बघ. मी म्हणतच होते, ताईवर वेळ आलीय, तुझ्या वाढीसकट आत्ताच देऊन टाकाव्यात. घेऊन जा. सवाईच्या हिशेबानं सहा होतात ना गं? सहा आणि वर पावाची लोकर. ती पण काढून ठेवलीय."

धाकटीनं ओट्याकडे पाहिलं. बारकीची सासू पाय सोडून बसली होती, कान चांगले शाबूत होते. बायकांच्या देण्याघेण्यात साक्षीला घरातली म्हातारी पुरे.

"नऊ झाल्या," धाकटी म्हणाली.

"हो, आहेत नऊ. त्यातल्या..."

"माझ्या नऊ झाल्या, बारके. दोन वर्षांच्या."

बारकीच्या हातातला पाला तसाच राहिला. ती हसली, थट्टा असेल असं वाटून. ताईचं तोंड बघून हसू जिथल्या तिथं विरलं. "ताई, नऊ कशा गं? मग माझ्याकडं काय?"

"जास्त वाटतात? मग दर सांग. रीत आहे. तुझ्या सासूबाईंच्या समोर सांग."

"मला कुठं हिशेब येतो? तूच तर सांगतेस सगळं. तूच सांग ना."

"घेणाऱ्यानं सांगायचा असतो. नाही सांगितलास तरी नऊ द्याव्या लागतील. सांगितलास तर सुटशील तरी."

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "सांग की गं, तोंडात मूग धरून काय बसलीस? आपलं आपण सोडवायला नको?"

बारकीनं बोटं उघडली. तापानं तिचे ओठ सुकले होते. धाकटी तिच्या बोटांकडे बघत होती. नवातून चार गेले, पाच बोटं राहिली. पाच बोटं दोन वर्षांत वाटायला घेतली. एकीकडे दोन, एकीकडे दोन, मधलं बोट तिनं दुसऱ्या हाताच्या नखानं अर्ध्यावर दाबलं. धाकटीला ते सगळं आधीच ठाऊक होतं. थांब, म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. बारके, दुसऱ्या साली चार नाही, सहा वितात, परत बघ. एवढं म्हटलं की झालं. पण मग सहाच मेंढ्या, आणि तीन राहतील, तिनाच्या साडेचार, साडेचाराच्या पावणेसात, आणि नवरा जन्मभर त्या दारात. ती गप्प राहिली.

"अडीच," बारकी म्हणाली. "चाराला अडीचची वाढ. हो ना, ताई? बरोबर आहे ना?"

"चुकलं," धाकटी म्हणाली. तिनं म्हातारीकडे पाहिलं. "ऐकलंत ना, मावशी? चुकलं."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. बोटं तशीच धरून बारकीनं विचारलं, "मग किती होता गं?"

"आता कशाला हवाय?" धाकटीनं फाटकाची कडी काढली.

पण मेंढ्या तिच्यामागून येईनात. तिनं हाका मारल्या, चुचकारलं, काठी आपटली. त्या घोळका करून बारकीच्या पायांशी उभ्या राहिल्या. एकीच्या कानाला धरून ओढलं तर ती खाली बसली.

"मारू नकोस, गाभण आहे ती," बारकी म्हणाली. "त्या माझ्याशिवाय चालत नाहीत."

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि फाटकाबाहेर निघाली. नऊच्या नऊ तिच्यामागं निमूट चालू लागल्या. टेकडी चढताना तापानं तिचा तोल जात होता, मधेच दगडाला धरून ती थांबायची, मेंढ्याही थांबायच्या. मागून धाकटी काठीनं हाकत होती.